ओट्याचं माप

मामांनी दुकानदाराच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि उरलेलं सगळं पाणी ग्रॅनाइटवर ओतलं. धुळीनं राखाडी दिसणारा दगड बघता बघता काळाभोर झाला.

"बघ," मामा म्हणाले. "आरसा हाय आरसा."

"ओला दगड सगळ्यांनाच आवडतो, मामा. वाळल्यावर बघा."

"वाळल्यावर पण बघू. घाई कुठं हाय?"

एप्रिलचं ऊन होतं. मिरजेच्या बाहेर रस्त्याला लागून दगडांची ओळीनं दुकानं होती. दुकानं म्हणजे नुसती पत्र्याची शेड, आणि पुढं लाकडी घोड्यांना टेकवून उभ्या केलेल्या फरश्या. त्यातल्या तिसऱ्या दुकानात आम्ही तासभर होतो. आम्हाला स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी दगड घ्यायचा होता आणि आमचं दोघांचं जमत नव्हतं. मी म्हणत होते कडप्पा. मामा म्हणत होते ग्रॅनाइट.

मामा म्हणजे माझे सासरे, आदगोंडा मगदूम. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. सहा फूट उंच, हाडापेरानं मोठे, आणि कुठलीही वस्तू घेताना आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायची सवय. नारळ, मडकं, दार, काहीही. त्या दिवशी दुकानातली प्रत्येक फरशी त्यांनी वाजवली होती.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. माझा नवरा महावीर काविळीनं अकरा दिवसांत गेला, त्याला चार वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं. तो गेल्यावर माझ्या माहेरचे मला न्यायला आले, पण मीच गेले नाही. घरात मामा, आत्या आणि मी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काताई. महावीरला जाऊन वर्ष झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मामा मिरजेहून नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आले. भावकीतल्या दोघांनी त्यांना बाहेर गाठून ऐकवलंही, विधवा सुनेला रात्रपाळ्या करायला लावता का म्हणून. मामा त्यांना म्हणाले, "घरात बसून भिंती बघत राहिली तर ती पण जाईल. मग खांदा द्यायला तुम्हीच येशीला." कोर्स झाला, मिरजेतल्याच एका दवाखान्यात नोकरी लागली. जयसिंगपूरहून रोज जाऊन-येऊन करत होते.

आमच्या घरात ओटा नव्हताच. गॅसची शेगडी खाली फरशीवर आणि आत्या पाटावर बसून स्वयंपाक करायच्या. त्यांचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी घातली, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर कुणी ओट्याचा विषय काढला नाही, आणि परवा अचानक सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "वैजू, ह्या रविवारी ओट्याचा दगड बघायला जायचं. तू चल. मला बायकांचं त्यातलं कळत न्हाई."

कळत नाही म्हणून आणलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकत नव्हते.

"कडप्पा काय वाईट आहे?" मी पुन्हा म्हटलं. "निम्म्या जयसिंगपुरात कडप्पाच आहे. आणि हा तिप्पट महाग."

दुकानदारानं दोघांकडं बघितलं. त्यानं टेबलावरून अर्धं लिंबू उचललं. ते तिथं कशासाठी होतं ते आता कळलं. कडप्प्याच्या तुकड्यावर त्यानं लिंबू पिळलं, घटकाभर थांबला आणि फडक्यानं पुसलं. दगडावर पांढुरका डाग राहिला.

"हे असं होतंय, वहिनी. लिंबू, चिंच, ताक, सगळ्याचा डाग. ग्रॅनाइटला दहा वर्षं काही होत नाही."

"आमच्यात लिंबू एवढं लागत नाही," मी म्हटलं.

मामा हसले. दुकानदारही हसला. मला मात्र हसू आलं नाही.

"तुला काय झालंय आज?" मामा म्हणाले. "दुसरी पोरगी असती तर म्हणाली असती, मामा, ग्रॅनाइटच पाहिजे. तू उलटंच."

"पैसे कशाला घालवायचे उगाच?"

"उगाच कसं? पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू हाय. मी आणि तुझी आत्या किती दिवस? वापरणार तू."

समोरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत मी तिकडंच बघत राहिले.

शेवटी दुकानदारानं मधला मार्ग काढला. शेडच्या मागं एका बंगल्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा पडला होता. साडेसात फूट लांब, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो कोपरा भिंतीकडं गेला की दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं. किंमत कडप्प्याहून जास्त, पण पूर्ण फरशीच्या निम्मी. मामांनी तो वाजवला, हात फिरवला, पुन्हा वाजवला. माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. आणखी काय करणार होते?

टेम्पोत पेंढा टाकून दगड ठेवला. मामा पुढं बसायला तयार होईनात. "हिसका बसला तर जाईल," म्हणाले आणि मागंच दगडाला धरून बसले. मी ड्रायव्हरच्या शेजारी. अंकलीच्या पुलाच्या अलीकडं रसाचं गुऱ्हाळ दिसलं तसं त्यांनी मागून पत्र्यावर थाप मारली.

निम्मा ग्लास रस झाल्यावर मामा म्हणाले, "रावसाब आला होता म्हणं तुझ्या दवाखान्यात?"

रावसाहेब माझा थोरला भाऊ. मी दचकले.

"हो. गेल्या आठवड्यात. मिरजेत काम होतं त्याचं, सहज डोकावला."

"सहज?"

"सहजच."

"बरं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. तोंड पुसलं. "आणखी पाहिजे का तुला?"

"नको."

"मग चल. दगड तापला असंल."

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. सकाळी आठलाच इब्राहिम मिस्त्री आले. मामांच्या वयाचेच, पाठीला थोडा बाक, कानामागं पेन्सिल. ह्या घराचा पायाही त्यांच्याच वडिलांनी घातलेला. त्यांनी दगड बघितला, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगला मिळाला की, मगदूमसाहेब. आता उंची सांगा. खालचे खांब बांधायला घेतो."

"किती असती?"

"जी स्वयंपाक करणार तिच्या मापानं. कमी झाली तर कंबर जाती, जास्त झाली तर खांदे जातात. कोपराच्या खाली वीतभर. कोण उभं राहतंय?"

मामा म्हणाले, "वैजू, ये हिकडं."

मी आत्यांकडं बघितलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आमच्या घरात उंचीचा मोठा फरक. मी साडेपाच फुटांच्या वर, आणि आत्या माझ्या खांद्याला लागायच्या.

"ये ना," मामा म्हणाले.

मी भिंतीपाशी गेले. मिस्त्रींनी सांगितलं तसा हात कोपरात मोडला. भाकरी थापायला उभं राहावं तशी उभी राहिले. मिस्त्रींनी टेप सोडली, खाली पायाजवळ अंगठ्यानं दाबली आणि वर वाचली. "चौतीस." भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली.

"चौतीस म्हणजे आत्यांना फार उंच होईल," मी म्हटलं.

"तिला कशाला लागतंय आता?" मामा म्हणाले. "तिनं बसून खायचं."

"मी ड्यूटीवर असते दिवसभर. स्वयंपाक आत्याच करतात."

"सुट्टीदिवशी तू करतीसच की. पुढं तुझंच सगळं हाय. मिस्त्री, चौतीस."

"आत्यांच्या मापानं घ्या," मी म्हटलं.

मिस्त्रींनी कानामागं ठेवलेली पेन्सिल पुन्हा हातात घेतली आणि मामांकडं बघितलं.

"अगं, वेडी का काय तू?" मामांचा आवाज चढला. "ती अजून किती वर्षं उभी राहणार? तू काय जन्मभर वाकून भाकरी थापणार?"

"मामा, आत्यांच्या मापानं घ्या."

"का पण?"

मला वाटलं होतं, नीट बसून सांगेन. आत्यांना आधी सांगेन, त्यांचा हात धरून. दहा दिवस मनात वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी तोंडात आलं नाही.

"मी इथं नसणार," मी म्हटलं. "मी जाणार आहे, मामा."

मिस्त्रींनी टेप गुंडाळली. "मी भाईर पाण्याचं बघतो," म्हणाले आणि निघून गेले. आत्या चौकट धरून हळूहळू खाली बसल्या. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तशाच, मांडी घालून.

मीच बोलत राहिले. दवाखान्यात एक्स-रे विभागात अरविंद म्हणून आहेत. मूळचे रत्नागिरीकडचे. पहिली बायको बाळंतपणात गेली. त्यांना चिपळूणला सरकारी नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. त्यांनी विचारलं. मी दादाला सांगितलं. आणि मी हो म्हटलं आहे. हे सगळं मी भिंतीकडं बघून बोलले. ग्रॅनाइट नको म्हणून मी एवढी का भांडत होते, तेही सांगायचं होतं. मी वापरणार नव्हते तो ओटा मामांनी माझ्यासाठी एसटीच्या फंडातले शेवटचे पैसे काढून करावा, हे मला सोसत नव्हतं. पण ते सांगायचं राहिलं.

मामा दगडाजवळ उभे होते. अंगणात मिस्त्री बादलीत पाणी ओतत होते, त्याचा आवाज येत होता. मग मामांनी हाक मारली.

"इब्राहिमभाई, या आत."

मिस्त्री दारात आले.

"ती रेघ पुसा. आक्का, ऊठ. उभी राहा भिंतीला."

आत्यांना मी हात दिला. उठताना त्यांनी माझ्या मनगटाला धरलं आणि उभ्या राहिल्यावरही धरूनच ठेवलं. मिस्त्रींनी माप घेतलं.

"तीस," ते म्हणाले.

"तीस धरा," मामा म्हणाले, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. दुपारी मी ड्यूटीला निघेपर्यंत ते परत आले नव्हते.

लग्न पंधरा दिवसांनी झालं, सांगलीच्या कोर्टात. मामा आले नाहीत. ताप आहे म्हणून निरोप धाडला. आत्या आल्या, एकट्या, रिक्षा करून. माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्यांनी स्वतः हातात भरल्या नाहीत, पुडी नुसती माझ्या वहिनीकडं दिली.

निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली एक सिमेंटचा बाक होता, त्यावर बसलो.

"त्यांच्यावर राग धरू नको," आत्या म्हणाल्या.

"मी कशाला धरू? त्यांनी धरावा."

"त्यांनी न्हाई धरला. तुला एक सांगू का? सांगू नको म्हणालेत, पण सांगते. त्यांना माहीत होतं."

"काय?"

"हे सगळं. तुझा भाऊ तुझ्याकडं यायच्या आधी आमच्याकडंच आला होता. तू ड्यूटीवर होतीस. म्हणाला, मामा, असं असं स्थळ हाय, तुमची परवानगी असंल तरच पुढं जातो. हे म्हणाले, जा. पोरगी तरणी हाय, तिचं व्हायला पाहिजे. लगेच म्हणाले गं, पाणी पण प्याले न्हाईत मधी."



"मग दगड?" मी म्हटलं. "माहीत असूनसुद्धा दगड घ्यायला मला का नेलं?"

आत्यांनी पदरानं नाक पुसलं.

"मी पण तेच विचारलं. म्हटलं, ती चाललीया आणि आत्ता कुठं तुम्हाला ओटा सुचला? तर म्हणाले, तिनं अजून आपल्याला तोंडानं सांगितलं न्हाई. सांगितलं न्हाई तवर नक्की न्हाई. घर नीट केलं, ओटा चांगला झाला, तर बघू. एखाद्या वेळेस राहील. मी म्हटलं, दगडासाठी कोण राहतंय होय? तर म्हणाले, मला दुसरं काय करायला येतंय?"

रसाच्या गुऱ्हाळात मामांनी दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा खोटं बोलले होते. ते खोटं त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे मला तिथं बाकावर बसल्यावर कळलं.

चिपळूणला माझा संसार झाला. चांगला झाला. मुलगी झाली, तिचं नाव आत्यांनी पत्रानं सुचवलेलं, पद्मश्री. पत्रं आत्या शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायच्या. गुडघे बरे आहेत, ओट्यावर काम सोपं जातं, असं दर पत्रात असायचं. मामांची खाली नुसती सही. मी फोन केला तर ते लगेच आत्यांना द्यायचे.

तिसऱ्या वर्षी आत्या गेल्या. सकाळी दूध तापवताना छातीत दुखलं आणि तासाभरात सगळं संपलं. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. त्या गर्दीत मामांशी चार शब्दसुद्धा झाले नाहीत. स्वयंपाकघरात भावकीतल्या बायका होत्या, मी तिकडं गेलेही नाही.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी मिरजेला माझं नर्सिंगचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. शेवटच्या दिवशी लवकर सुटलो. मी कुणाला न कळवता जयसिंगपूरची बस पकडली. दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडंच होतं. आत तव्याचा वास येत होता.

मामा ओट्यापाशी उभे होते. उभे म्हणायचं, पण कमरेतून पार वाकलेले. डाव्या हाताचं कोपर दगडावर टेकवून त्यावर सगळा भार, आणि उजव्या हातानं भाकरी थापत होते. सहा फूट माणूस आणि तीस इंचाचा ओटा. बनियनला पीठ लागलं होतं. भाकरी उचलून तव्यावर टाकायची तर त्यांना कोपर सोडावं लागायचं, आणि सोडलं की तोंडातून एक आवाज यायचा.

मी दारातच थांबले. त्या दिवशी ह्या स्वयंपाकघरात माप घेताना आम्ही तिघं होतो. माझं घेतलं, आत्यांचं घेतलं. मामांना हात मोडून भिंतीला उभं करावं, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मिस्त्रींच्या नाही, माझ्या नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

"मामा."

त्यांनी मान वळवली. मग कमरेला हात लावून सरळ व्हायला लागले. आधी अर्धे झाले, थांबले, मग पूर्ण.

"आलीस? कळवायचं की गं."

"सरका. मी करते."

"नको नको. पाहुणी आलीयास. बस तू."

"मामा, पाठ जाईल तुमची अशानं."

"एकतीस वर्षं बसखाली आडवा पडून काढली. हे काय न्हाई."

"इब्राहिम मिस्त्रींना सांगू या. दगड उचलून खाली दोन थर चढवले की झालं. खर्च मी—"

"मिस्त्री आला होता," मामा म्हणाले. "आक्काचे दिवस झाल्यावर आपणहून आला. म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम हाय, पैसे नकोत. मी नको म्हटलं."

"का?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. चिमट्यानं नाही, बोटांनीच. बोटं झटकली.

"चाळीस वर्षं संसार केला तिच्याबरोबर," ते म्हणाले. "एवढी बुटकी होती, हे कधी ध्यानात आलं न्हाई. हितं वाकलं की कळतंय. एवढीशी होती गं."

त्यांनी ओट्यापासून वीतभर वर हात धरून मला दाखवलं, आत्यांचं कोपर कुठं यायचं ते. हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग फडकं घेऊन सांडलेलं पीठ पुसायला लागले.

मला खूप बोलायचं होतं. तुम्हाला माहीत होतं हे आत्यांनी मला सांगितलं, हे बोलायचं होतं. त्या उसाच्या गुऱ्हाळात मी खोटं बोलले, हे बोलायचं होतं. पण त्यांनी पाट मांडला, ताट ठेवलं, पातेल्यातली वांग्याची भाजी वाढली आणि गरम भाकरी मोडून ताटात ठेवली. मी हातपाय धुऊन बसले. ते पुन्हा वाकून दुसरी भाकरी थापायला लागले.

"पोरगी कुणावर गेलीया?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"अरविंदवर. डोळे माझे आहेत म्हणतात."

"आण की एकदा. सुट्टीत आण."

"आणते."

"जमली का भाकरी?"

"छान झालीय, मामा."

भाकरी एका बाजूनं कच्ची होती. ती संपवली आणि मी दुसरी मागून घेतली.